बसऱ्याचा रस्ता, वालूरमार्गे

मला लढायांचा नाद आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे. साठी उलटल्यावर आता त्याचं काही वाटत नाही. पण एक्क्याण्णव साली मी तिशीतली होते, नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि हा नाद जरा लपवूनच ठेवत होते. तो लागला भूगोलातूनच. नदीला उतार कुठे आहे, खिंड किती रुंद आहे, चिखल कोणत्या महिन्यात वाळतो, यावर राज्यं जातात-येतात हे एकदा कळलं की नकाशा नुसता नकाशा राहत नाही. रद्दीवाल्याकडून मी लढायांची पुस्तकं आणायचे आणि सुट्टीच्या दुपारी ट्रेसिंग पेपरवर सैन्यांचे बाण काढत बसायचे. एका बाजूला लाल पेन्सिल, दुसऱ्या बाजूला निळी.

त्या जानेवारीत आखातात युद्ध पेटलं. टीव्हीवर अंधारात ठिणग्या उडताना दिसायच्या. इकडे रॉकेलच्या रांगा लांबल्या, पेट्रोल मिळेना म्हणून आमच्या गल्लीतल्या स्कूटर घरापुढे झाकून ठेवल्या गेल्या, आणि अमेरिकेची विमानं आपल्या विमानतळांवर तेल भरतातच कशी यावरून दिल्लीत गदारोळ झाला. आमच्या शिक्षकखोलीत तर दोन तट पडले. गणिताचे सर अमेरिकेकडून, हिंदीच्या बाई इराककडून. मी कोणाकडूनच नव्हते. मला फक्त पुढचा बाण कुठून निघणार याची उत्सुकता होती.

एक दिवस मधल्या सुट्टीत चित्रकलेचे विभूते सर म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या आप्पांना भेटायला पाहिजे. माझे चुलते. दुसऱ्या महायुद्धात बसऱ्याला ट्रक चालवायचे. आता दिवसभर रेडिओला कान लावून बसतात आणि बातम्या देणाऱ्याला गावांची नावं सुधारून सांगतात."

बसरा! जी नावं मी पेन्सिलीने लिहीत होते, त्या मातीवर गाडी चालवलेला माणूस परभणी जिल्ह्यातल्या वालूरला राहत होता. फेब्रुवारीत मी रजा टाकली. आमचे हे म्हणाले, "लोक रजा टाकून वेरूळला जातात, तू वालूरला चाललीस." पण लेकीला सांभाळायचं त्यांनी कबूल केलं आणि डब्यात काय न्यायचं तेही विचारलं.

त्या काळी मनमाडहून पुढे छोट्या रुळांची गाडी होती. आता रूळ मोठे झालेत, नाशिकहून गाडी न बदलता सेलूला उतरता येतं. फक्त सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेवढं वेळापत्रक बघून निघा. आमची गाडी मात्र प्रत्येक स्टेशनावर जणू ओळखीचं कोणी भेटल्यासारखी थांबायची. औरंगाबादला माझ्यासमोर एक विद्यार्थी येऊन बसला, मांडीवर पुस्तकं. शेजारी धोतर-टोपीतले एक गृहस्थ शेंगा सोलत होते. बोलणं युद्धावरून सुरू झालं आणि एका स्टेशनाच्या भिंतीवर नामांतराची जुनी घोषणा दिसली तेव्हा तिकडे वळलं.

"तिकडं तेलापायी मरायलेत," गृहस्थ म्हणाले, "आन आपल्याकडं नावापायी."

विद्यार्थ्याने पुस्तकावरून मान वर केली. "काका, ज्याला नाव आयतं मिळालं, त्याला ते छोटंच वाटतं."

बऱ्याच वेळाने गृहस्थांनी शेंगांचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि त्याने दोन शेंगा उचलल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तर साली याच मुलखात घरं जळाली होती, माणसं मारली गेली होती. मी जगभरच्या लढायांचे नकाशे काढले होते, पण हा एकही काढला नव्हता.

सेलूला उतरल्यावर स्टेशनासमोरच्या खानावळीत जेवले. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वर कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ. ती आमटी पहिल्या घोटाला नाकात जाते आणि दुसऱ्या घोटाला आवडते. तिथून वालूरला जीप. डिझेलची टंचाई होती, त्यामुळे ड्रायव्हर जीप गच्च भरल्याशिवाय हलेना आणि भाडंही वाढवून मागत होता. "लढाई लागलीय ना ताई," तो म्हणाला. कुवेतच्या वाळूत पेटलेली आग सेलूच्या जीपच्या भाड्यापर्यंत पोचली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी आणि मध्येच पिवळ्या-नारिंगी फुलांची करडई होती. या दिवसांत गेलात तर हेच दिसेल. वालूरला गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. तेव्हा ती झुडपांनी भरली होती. आता गावाने ती स्वच्छ केली आहे असं ऐकते, तर ती चुकवू नका.

गुरुलिंगआप्पांचं घर माळवदाचं, मातीच्या सपाट छपराचं होतं. आप्पा सत्तरीचे, उंच, वाळके. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. ओसरीवर ते खांबाला टेकून बसले होते आणि रेडिओ बराच दूर, शेजारच्या घराच्या भिंतीला लागून ठेवला होता. त्याचं तोंडही भिंतीकडे.

"आप्पा, रेडिओ इकडे वळवला तर नीट ऐकू येईल," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या तसाच," ते म्हणाले. मग मला न्याहाळत म्हणाले, "तुमी लढाई शिकवताव म्हणं पोरान्ला?"

"नाही हो, भूगोल शिकवते. लढाई आपली नादापायी."

"नाद!" आप्पा हसले. "मी भुकंपायी गेल्तो. तुमी नादापायी आलाव. बसा, च्या घ्या."

मी प्रश्नांची यादीच घेऊन गेले होते. पलटण कोणती? सेनापती कोण? आप्पांना यातलं काही आठवत नव्हतं. साहेब म्हणजे 'लाल मिशावाला', एवढंच. बसरा आणि बगदाद हाकेच्या अंतरावर आहेत असं ते ठासून सांगत होते. मी नकाशा पसरून अंतर दाखवलं तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. मग आत जाऊन चष्मा घेऊन आले आणि नकाशावर वाकले.

"हे बसरा? आन हे बगदाद? एवढं लांब?" बोट सरकत राहिलं. "म्हंजे जोडीदार हाणायचा तवा आर्धा रस्ता झोपंतच गेला म्हणायचा. बरं, खानकीन कुठं हाय? तिथून घाट लागतो. पैताकचा घाट."

घाटापाशी बोट आलं आणि आप्पा खुलले. हिवाळ्यात त्या घाटात बर्फ पडायचा. "आमी परभणीची मानसं. बर्फ म्हंजे सरबताच्या गाडीवर बघितल्याला. तिथं चाकाला साखळ्या बांधून गाडी चढवायची. खाली बघायचं न्हाई. आमच्यातला एक करीम नावाचा पोरगा खाली बघायचा. गेला गाडीसकट."

घाट ओलांडून इराणात गेलं की एका माळावर ते खोकी उतरवायचे. पलीकडून रशियाची माणसं येऊन ती उचलून न्यायची.

"मला एक सांगा बाई. तुमी पुस्तकं वाचताव. त्या खोक्यात काय व्हतं आमाला कुनी सांगितलं न्हाई. ते पुढं पोचायचं का?"

हे मला माहीत होतं. मी दुमडलेला नकाशा पूर्ण उलगडला आणि इराणच्या वरचा भाग दाखवला. जर्मन सैन्य रशियात किती आत घुसलं होतं, रशियाला बाहेरून माल मिळायला रस्तेच कसे कमी उरले होते, आणि इराणमधून जाणाऱ्या या वाटेने औषधं, धान्य, गाड्यांचे सुटे भाग, दारूगोळा असं काय काय गेलं, ते सांगितलं. बोलता बोलता चहावर साय धरली. आप्पा एकेक गाव बोटाने चाचपत होते.

"म्हंजे पोचलं."

"पुष्कळ पोचलं, आप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटायचं मधीच कुनी खाऊन टाकलं आसंल."

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांची सून सुमनवहिनी भाकरी थापत होती. रेडिओ भिंतीकडे का वळवलाय ते मला तिच्याकडून कळलं. भिंतीपलीकडे जैनबबी राहायच्या. नवरा नाही, एकुलता मुलगा युनूस. त्याला गाडी चालवायला आप्पांनीच शिकवलं, सेलूच्या एका व्यापाऱ्याच्या जुन्या ट्रकवर. आणि आप्पांच्या तोंडून बसऱ्याच्या गोष्टी ऐकतच तो मोठा झाला. "आमच्या मामंजींनीच त्याला म्हटलं, जा, त्या मुलखात गाडी चालवणाऱ्याला मान हाय. गेला कुवेतला. ऑगस्टात तिथं इराकचं सैन्य घुसलं, तवापासून त्याचा पत्ता न्हाई. जैनबबी मामंजींशी एक शब्द बोलत न्हाईत. आमच्या घरात पाऊल टाकत न्हाईत. त्यांच्याकडं रेडिओ न्हाई, म्हणून मामंजी आपला त्यांच्या भिंतीला लावून ठेवतेत."

दिवेलागणीला ओसरीवर गावातले आठ-दहा जण जमले. नाशिकची बाई लढाई सांगते ही बातमी पसरली होती. खरं सांगते, मला हुरूप आला. मी नकाशा जमिनीवर पसरला आणि समजावलं, की इराकचं सैन्य कुवेतमध्ये समुद्राकडे आणि दक्षिणेकडे तोंड करून बसलं आहे, पण इकडे पश्चिमेला मोकळं वाळवंट आहे. अमेरिका समोरून येण्याचं सोंग करील आणि खरी धडक इथून, वळसा घालून मारील. मी लाल पेन्सिलीने मोठा वाकडा बाण काढला. माणसं वाकून बघू लागली.

"आन ह्यांच्या इमानाला तेल आपण द्यायचं," किराणा दुकानदार म्हणाला, "आन आमच्या चिमणीला रॉकेल न्हाई."

"देऊ नको तर काय करतो? कर्ज मागाय त्यांच्याच दारात जायचंय," दुसरा म्हणाला.

मग धान्याच्या आडतीतला एक माणूस शेजारच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "ज्यान्ला तिकडचं लय प्रेम हाय, त्यान्ला इचारा की."

त्या वर्षी मंदिर-मशिदीच्या वादाने देशातली हवा तशीही तापलेली होती. आप्पांनी आवाज चढवला नाही. "युनूस पोटासाठी गेलाय. मी बी पोटासाठीच गेल्तो. मला तवा कुनाचं प्रेम व्हतं? इंग्रजाचं?"

त्या माणसाने तंबाखू मळायला सुरुवात केली. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. एक पन्नाशीची बाई ओढणी डोक्यावर घेऊन उंबऱ्यात उभी होती. सुमनवहिनी झटकन उठली. पण जैनबबी सरळ माझ्यापाशी येऊन बसल्या. भिंतीपलीकडून बाईमाणसाचा आवाज ऐकला म्हणून आले, असं त्या नंतर म्हणाल्या. आप्पांकडे त्यांनी पाहिलं नाही.

बराच वेळ त्या नकाशा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ह्यात घरं कुठं हायत?"

"या नकाशात घरं दाखवलेली नाहीत."

"रेघा तर लय हायत. मानसं कुठं ऱ्हातेत मंग?" त्यांनी माझ्या लाल बाणाला बोट लावलं, तापलेल्या तव्याला लावतात तसं, आणि मागे घेतलं. "तुमाला लढाई कळती म्हणं. सांगा, माझा युनूस कुठं आसंल?"

मला उत्तर येत नव्हतं. पण विचारायचं कसं ते येत होतं. मी त्यांना शेवटची खबर कुणाकडून मिळाली ते विचारलं. पाथरीचा सलीम नावाचा शिंपी युनूसबरोबर कुवेतला होता. इतर अनेकांसारखा तोही युद्धाआधी जॉर्डनमार्गे विमानाने परत आला होता. जैनबबी त्याला तीनदा भेटल्या. "पीछे से आरा, चाची, एवढंच म्हंतो. डोळ्याला डोळा देत न्हाई."

"ते दोघे कोणत्या रस्त्याने निघाले, कुठे वेगळे झाले, हे कोणी विचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. मी पुढचा विचार न करता म्हणाले, "उद्या आपण पाथरीला जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनीने सुशीला केला. चुरमुरे भिजवून केलेला पोह्यासारखा प्रकार. मराठवाड्याबाहेर तो सहसा मिळत नाही, तर तिथे असाल तेव्हा खाऊन घ्या. आम्ही दोघी एसटीच्या थांब्यावर आलो तर धुतलेलं पागोटं बांधून आप्पा आधीच उभे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गाडी आल्यावर आम्ही पुढे बसलो, ते पार शेवटच्या बाकावर. सेलूला गाडी बदलली तेव्हाही तसंच.

पाथरीला एका संताचं जन्मगाव म्हणून तेव्हाही यात्रेकरू उतरत असत, आतासारखी गर्दी मात्र नव्हती. सलीमचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं. जैनबबींना बघताच त्याचा मशीनवरचा पाय थांबला. मी स्वतःची ओळख सांगितली आणि त्याच्या कापड बेतायच्या टेबलावर नकाशा पसरला.

"मला बाकी काही नको. तुम्ही कुठून निघालात आणि कुठून कुठे गेलात, तेवढं यावर दाखवा."

त्याने जैनबबींकडे पाहिलं, मग कापडावर आखायचा खडू उचलला. कुवेतपासून त्याने एक रेघ ओढली ती बसऱ्यापर्यंत, मग बगदादपर्यंत. बगदादला ते तंबूत कित्येक दिवस थांबले होते. तिथून जॉर्डनच्या सीमेवर नेणाऱ्या बसचा ड्रायव्हर पळून गेला, तेव्हा युनूस पुढे झाला आणि चाकावर बसला.

"सरहद पर आये. मी म्हटलं, चल, आता उतर. तो बोला, सलीमभाई, तुम चलो. बगदादमध्ये लेकरंवाल्या बाया बसल्यात, गाडी हाय पर चलानेवाला नहीं. मी पाय धरले त्याचे, चाची. खुदा की कसम, पाय धरले. गाडी फिरवून गेला."

"फिर?" जैनबबींचा आवाज.

"फिर दुसरी खेप घेऊन आला. मी तंबूतून बघितलं. हात हालवला. पुन्हा फिरला. तिसरी खेप यायच्या आधी माझा विमानाचा नंबर लागला."

"इतके महीने बोला नहीं तू!"

"क्या बोलता चाची? तुम्ही विचारलं असतं, रोखा क्यूं नहीं."

"पूछूंगीच ना! माँ हूँ मैं, पूछूंगीच!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या बांगडीवाल्याने मान बाहेर काढली. सलीम खाली बघत होता. खडू त्याच्या मुठीत मोडला होता. मी नकाशा गुंडाळायला गेले तर जैनबबींनी माझा हात धरला. त्या खडूच्या रेघेकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "गाडी भरून आणली व्हती का त्यानं?"

"खचाखच. टपावर बी मानसं."

"लहानपणापासून आसाच हाय," त्या मला म्हणाल्या. "आपली शेळी बांधून ये म्हटलं की गल्लीतल्या सगळ्यांच्या बांधून यायचा. आन मी हितं भाकर घेऊन बसलेली." त्या रडत होत्या, पण बोलताना मान ताठ झाली होती.

मग त्या वळल्या. आप्पा दुकानात शिरलेच नव्हते, बोळात उन्हात उभे होते.

"आप्पा," जैनबबी म्हणाल्या. "बसऱ्याहून बगदादचा रस्ता कसा हाय?"

परतीच्या गाडीत ते दोघे पुढे बसले आणि मी त्यांच्या लगेच मागच्या बाकावर. आप्पा सेलूपर्यंत बोलत होते. "मला आधी वाटायचं जवळ हाय. तर न्हाई, ह्या बाईनं मोजून दाखवलं, लय लांब हाय."

"सावली हाय का?"

"खजुराची हाय. जागोजाग."

"पानी?"

"नदी संगं संगं चालती. मातकट, पर गोड."

"मानसं कशी हायत?"

"मला ताप आल्ता तवा एका म्हातारीनं दूध दिल्तं. मी गळ्यातलं लिंग दाखवलं, हे काय म्हणून ती बघत बसली. पर दूध दिल्तं."

त्या संध्याकाळी आप्पांनी आणि मी मिळून नकाशावर बराच खल केला. रेडिओ सांगत होता की जॉर्डनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज बॉम्ब पडतायत. बसऱ्याकडचे पूलही उडवले होते. म्हणजे उरला पूर्वेचा रस्ता, इराणकडे जाणारा, आप्पांच्या पैताक घाटाचा. तो घाट युनूसला लहानपणापासून तोंडपाठ होता. तो तिकडूनच निघाला असणार. आम्ही हे जैनबबींना अगदी खात्रीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या रात्री, सुमनवहिनीने सांगितलं, त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

निघताना त्या म्हणाल्या, "बाई, नकाशा ठेवून जाताव का? तुमच्याकडं दुसरा आसंल."

मी ठेवून आले. गावातलाच एक सोबती मानवतला निघाला होता म्हणून परतताना सेलूऐवजी मानवतवरून गेले. तिथे बाजारात कापसाच्या गाड्यांची एवढी रांग होती की रिक्षाला वाट मिळेना. मानवत रोड स्टेशन गावापासून चांगलं लांब आहे, हाताशी वेळ ठेवून निघावं. गाडीत मी सुमनवहिनीने बांधून दिलेले धपाटे खाल्ले आणि खिडकीतून पळणाऱ्या प्रत्येक वस्तीकडे बघत राहिले.

नाशिकला आल्यावर थोड्याच दिवसांत जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि माझा बाण खरा ठरला. अगदी पश्चिमेकडून, वळसा घालून. शिक्षकखोलीत माझं कौतुक झालं. गणिताच्या सरांनी तर चहा पाजला. मला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू. पण त्याच आठवड्यात पेपरात एक फोटो आला. कुवेतहून बसऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जळून काळ्या पडलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग. याच रस्त्यावर सलीमने खडू ओढला होता. मी भिंग घेऊन त्या फोटोत बस शोधत बसले. ट्रक होते, रणगाडे होते, साध्या मोटारीही होत्या. बस दिसली नाही, पण फोटोच्या कडेला रांग संपत नव्हती, पुढे चाललीच होती. फोटो मी विभूते सरांना दाखवला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. विभूते सर पहिल्याच दिवशी दारातूनच म्हणाले, "बाई, युनूस आला!"

आमचा अंदाज साफ चुकला होता. तो पूर्वेला गेलाच नव्हता. युद्धाच्या आधीच सैनिकांनी त्याची बस काढून घेतली आणि तो बगदादमध्ये अडकला. एका भटारखानेवाल्याने त्याला ठेवून घेतलं. वर बॉम्ब पडत होते तेव्हा तो खाली पावाची कणीक मळत होता. रस्ता खुला झाल्यावर तो जॉर्डनमार्गेच निघाला. आमच्या खात्रीचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही. जैनबबींना मात्र त्या खात्रीवर चार महिने काढता आले. याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी शिवरात्र झाल्यावर आमच्या घरासमोर एक जीप थांबली. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला निघालेले आप्पा, सुमनवहिनी, मागे जैनबबी, आणि चाकावर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हसरा, सावळा युनूस. "आता एकट्याला गाडी घेऊन सोडत न्हाई मी," जैनबबी पायरी चढता चढता म्हणाल्या. आमच्या ह्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. आणि मी, सवयीप्रमाणे, नकाशा आणि प्रश्नांची यादी घेऊन बसले. रणगाडे कोणत्या दिशेला तोंड करून होते? तोफा कुठे होत्या? विमानं किती वाजता यायची?

युनूसने यादी शांतपणे ऐकली. "मॅडम, लढाई मी बघितलीच न्हाई," तो म्हणाला. "मागं लेकरं रडायलेली, पुढं खड्डे. गाडी हाणणाऱ्यानं रस्ता बघायचा का तोफा?"

आप्पा खोखो हसले. मीही हसले आणि यादी बाजूला ठेवली. मग विचारलं, "बरं, बसमध्ये कोण कोण होतं?"

युनूस खुर्चीत सरसावून बसला. एक केरळची बाई होती, तिने शिलाई मशीन मांडीवर धरलं होतं आणि सीमेपर्यंत ते कोणाच्या हाती दिलं नाही. एक म्हातारा होता, तो प्रत्येक चौकीवर सैनिकांना सलाम ठोकायचा आणि मग हळूच शिवी द्यायचा. एका पंजाबी जोडप्याचं भांडण बगदादला सुरू झालं ते वाळवंट संपलं तरी मिटलं नव्हतं. तो सांगत होता, जैनबबी मध्येच नवीन काही कळलं की "हे मला न्हाई सांगितलंस," म्हणून त्याला ढोसत होत्या, आणि चहा निवून गेला तरी कोणी उठेना.